रामलिंगाचं गाणं, रेवणसिद्धप्पाचं सांगणं

ओवी गाणारा रामलिंग गेला त्याला वर्ष व्हायला आलं, तेव्हा बसनकेरीच्या लोकांनी त्याच्या नावाचा कट्टा बांधला. खजुरीत, त्याच्या स्वतःच्या गावात, कुणी बांधला नाही. खजुरीकरांनी शोकसभा घेतली, तीन जणांनी भाषणं केली, त्यातल्या दोघांनी जास्त करून स्वतःबद्दलच सांगितलं, चहा झाला आणि गाव तुरीच्या राशीला लागलं. बसनकेरी तिथून पूर्वेला पंधरा कोस, आळंदच्या पार पलीकडं, पक्कं कानडी गाव. पण त्यांनी शहाबादी फरशी आणली, गवंडी लावला, कानडी अक्षरांत नाव कोरून घेतलं आणि वरसाच्या दिवशी दुपारी कार्यक्रम ठरवला.

निरोप घेऊन गुरुपादय्या स्वतः निंबर्ग्याला आले. हे बसनकेरीचे निवृत्त हेडमास्तर. गावात लग्न मोडायचं असो की जुळवायचं, त्यांच्याशिवाय होत नसे. तिथं रामलिंगाचा जुना जोडीदार रेवणसिद्धप्पा राहायचा; त्याच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळा बेत सांगितला. खजुरीचे लोक दोन टेंपो भरून येणार. रामलिंगाचा मुलगा महांतेश पुण्याहून येऊन बापाची ओवी गाणार. आणि ओवीचं कानडीत सांगणं, ते अर्थातच रेवणसिद्धप्पानं करायचं. कुठली ओवी, हे विचारायची गरजच नव्हती. धनगर भाऊ पंचमीला बहिणीला आणायला जातो आणि बहीण घरी येते, ती.

रेवणसिद्धप्पानं मान डोलावली. पाहुण्यांना पोहे दिले, चहा दिला, बसपर्यंत पोचवून आला. मग बाजेवर बसला तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही. कारण रामलिंगाच्या ओवीत बहीण घरी येत नाही.

हे जरा मुळापासून सांगायला हवं.

धनगरी ओवीची रीत अशी, की आधी एक तुकडा ढोल-झांजेवर गायचा आणि मग तोच तुकडा साध्या बोलीत सांगायचा. गाताना शब्द ओढले जातात, निम्मे कळत नाहीत; म्हणून गाण्यामागं सांगणं. मराठी गावांत ही दोन्ही कामं रामलिंग एकटाच करी. पण मेंढरं घेऊन कानडी मुलखात उतरलं, की तिथल्या बिरोबाच्या देवळांतही त्याला गायला बसवायचे. रामलिंगाला कानडी उत्तम यायची, बाजारहाट, भांडणं सगळं तो कानडीत करी; ओवी मात्र बापाकडून मराठीत आलेली, ती दुसऱ्या भाषेत त्याच्या गळ्यातून निघायचीच नाही. म्हणून त्यानं निंबर्ग्याच्या रेवणसिद्धप्पाला सोबत घेतलं. याच्या गळ्याबद्दल न बोललेलं बरं. तो गुणगुणला तर घरची बाई देखील दार लोटून घ्यायची. पण जीभ अशी, की तुरीचा भाव सांगितला तरी माणसं पुढं सरकून ऐकायची. रामलिंग मराठीत गाऊन खाली बसे, रेवणसिद्धप्पा उठून तेच कानडीत सांगे. तेवीस वर्षं जोडी टिकली. नाव रामलिंगाचं झालं. रेवणसिद्धप्पाला त्याचं फारसं वाईट वाटत नसे, थोडं वाटे.

बसनकेरीला ते पहिल्यांदा गेले ब्याण्णव साली, श्रावणात. ढोल चढवत असतानाच गुरुपादय्यांनी रेवणसिद्धप्पाला बाजूला घेतलं. समोर खांबाशी एक बाई बसली होती, सिद्धव्वा. तिची लेक श्रीदेवी शेजारच्या गावात दिलेली, चैत्रात सासरच्या विहिरीत पडून गेली. पाय घसरला. दोन्ही गावची शहाणी माणसं बसली, मिटवामिटव झाली, भांडीकुंडी परत आली. तेव्हा जरा जपून, इतकंच त्यांचं म्हणणं.

आणि रामलिंगाची ती ओवी नेमकी अशी: दुष्काळाचं साल. भाऊ पंचमीला बहिणीच्या गावी जातो. सासरचे सांगतात, ती पाय घसरून विहिरीत गेली. भाऊ विहिरीवर जातो, दोराला विचारतो, घागरीला विचारतो. ती दोघं गप्प राहतात. शेवटी पायरीला विचारतो. पायरी म्हणते, मी कोरडी होते रे, माझ्यावरून कोण कशाला घसरेल. इथं ओवी संपते. भाऊ रिकाम्या हातानं परत येतो, एवढंही तिच्यात नाही.

रेवणसिद्धप्पाला वाटलं होतं, रामलिंग आज दुसरी काही गाईल. रामलिंगाला कुणी काही बोललं नव्हतं, त्यानं हीच गायली. शेवटचा तुकडा गाऊन तो खाली बसला आणि रेवणसिद्धप्पा उठला. समोर ती बाई. त्याच्यानं ते होईना. त्यानं कानडीत सांगितलं, की भाऊ विहिरीवर गेला तर बहीण तिथं घागर घेऊन उभी, धडधाकट. सासरच्यांनी माहेरी पाठवायचं नाही म्हणून खोटं सांगितलेलं. भावानं तिला हाताला धरून घरी आणलं, पंचमीचा झोका बांधला. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. सिद्धव्वा मान खाली घालून बसली होती. रेवणसिद्धप्पाला वाटलं, आपल्या हातून आज एक पुण्याचं काम झालं.

फाट्याकडं चालताना रामलिंगानं ढोल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग म्हणाला, “तू तुझं सांग, रेवण्णा. मी माझं गातो.” एवढंच. रागानं म्हणाला की मायेनं, ते रेवणसिद्धप्पाला तेव्हाही कळलं नाही आणि पुढच्या सोळा वर्षांत विचारायची छाती झाली नाही.

गोष्ट मात्र पसरली. आसपासच्या दहा-बारा गावांतून ‘बहीण घरी येते ती’ म्हणून मागणी येऊ लागली. ओवी ऐकून उठलेले भाऊ दुसऱ्या दिवशी खरोखर बहिणीला आणायला जायचे. तो रिवाजच पडला. बसनकेरी तर दर श्रावणात बोलवायची. मधल्या काळात खूप काही बदललं. कुरणं गेली, मेंढरं विकली, पोरं हैदराबाद-पुण्याकडं बांधकामावर गेली, आळंदच्या दुकानात कॅसेटी आल्या आणि गेल्याही. बसनकेरीच्या श्रावणात खंड पडला नाही. कानडी माणसांनी मराठी गाणाऱ्यावर जीव लावला आणि ज्या गोष्टीसाठी लावला ती त्यानं कधी गायलीच नव्हती. रेवणसिद्धप्पाला याची गंमत वाटायची. रामलिंग असेपर्यंत.

आता गंमत उरली नव्हती. आजवर ओवी ऐकायला एका वेळी एकाच बाजूचे लोक असत. या खेपेला खजुरीकर आणि बसनकेरीकर एकाच मांडवात बसणार. खजुरीच्या पोरासोरांनाही कानडी कळतं आणि ओवी पाठ. रेवणसिद्धप्पानं बहिणीला घरी आणलं, तर मेलेल्या माणसाच्या वरसाला त्याच्याच कट्ट्यावर उभं राहून त्याची ओवी मोडली, असं खजुरी म्हणणार. विहिरीतच ठेवलं, तर बसनकेरी म्हणणार, मग आम्ही सोळा वर्षं काय ऐकलं? आणि सिद्धव्वा? ती अजून होती. दर वर्षी त्याच खांबाशी येऊन बसायची.

त्यानं आधी सोपा मार्ग धरला. खजुरीला जाऊन पुण्याहून आलेल्या महांतेशला म्हणाला, विहिरीच्या अलीकडंच थांबव, वेळ कमी आहे. महांतेश पुण्याला क्रेन चालवायचा. बापाची ओवी मोबाइलमध्ये भरून घेऊन वर क्रेनच्या केबिनमध्ये ऐकून ऐकून शिकला होता. तो नम्रपणे न्हाई म्हणाला. अप्पांनी गायलं तसंच गाणार. रामलिंगाची बायको नागूबाई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच विचारलं, “कामून भाऊजी? शेवट त्यांनी कधीच सोडला न्हाई. बसनकेरीत तर लईच ताणायचे म्हणं.”

हे मात्र खरं होतं. बाकी गावांत रामलिंग विहीर पाच-दहा मिनिटांत उरकी. बसनकेरीत अर्धा अर्धा तास पायरीपाशी बसे, तेच तेच घोळवी. रेवणसिद्धप्पाला वाटे, मुद्दाम करतो, माझी परीक्षा बघतो.

ती वाट बंद झाल्यावर त्यानं दुसरी काढली. खरंच सांगायचं, पण सिद्धव्वाला त्या दिवशी येऊ नको म्हणायचं. आपण त्या बाईच्या काळजीनं निघालोय, असं त्यानं स्वतःला बजावलं. काळजी होती, नाही असं नाही. पण खरी भीती स्वतःची होती. तिच्या तोंडावर ते सांगावं लागू नये, इतकंच त्याला हवं होतं.

वरसाच्या तीन दिवस आधी तो बसनकेरीला गेला. सिद्धव्वा दारात सुपात तुरी निवडत बसली होती. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, दोन्ही मुलं हैदराबादला. रेवणसिद्धप्पानं कानडीत सुरुवात केली. थंडी, तुरी, गुडघेदुखी असं सगळं फिरून मुद्द्यावर आला. म्हणाला, अक्का, यंदा मांडवात गर्दी फार आहे, उन्हाचं बसवणार नाही, तुम्ही घरीच राहा. ती निवडत राहिली. मग तो आणखी थोडं बोलला. म्हणाला, रामलिंगाच्या मूळ ओवीचा शेवट जरा वेगळा आहे, तो ऐकून तुम्हाला त्रास होईल.

सिद्धव्वानं सूप खाली ठेवलं आणि चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, “मला ठावं हाय शेवट. मी उमरग्याकडची हाय, रेवण्णा. माझं माहेर मराठी.”

रेवणसिद्धप्पा बघतच राहिला. त्याची स्वतःची आत्या पलीकडून आलेली, मोठी सून पलीकडून आलेली. या पट्ट्यात निम्म्या सुना भाषा ओलांडून येतात, हे त्याला लहानपणापासून माहीत. पण कानडी गाव म्हटलं, की मांडवात कुणाला मराठी कळत नाही, असं त्यानं तेवीस वर्षं धरलं होतं. पुरुष मोजले होते. सुना मोजल्याच नव्हत्या.

ती सावकाश बोलत होती, मधूनमधून शब्द आठवावा लागत होता. श्रीदेवी गेल्यावर पाय घसरला असं सगळ्यांनी ठरवलं. तिच्या बापानंही त्यावर अंगठा दिला. सिद्धव्वा एकटी जाऊन विहीर बघून आली होती. तिला कुणी विचारलं नाही. मग श्रावणात एक परका माणूस आला.

“त्यानं समद्या गावासमोर म्हणलं, पायरी कोरडी होती म्हणून. माझ्या मनातलं त्याला कुणी सांगितलं आसंल? मला वाटलं, आता समद्यांना कळंल. आन तुम्ही उठलाव. तुम्ही ते झाकलं.”

 सोळा वर्षं रेवणसिद्धप्पानं जे पुण्य म्हणून जपलं होतं, ते या बाईच्या लेकीवर टाकलेलं दुसरं झाकण होतं. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आपली मेंढरं दुसऱ्याच्या शेतात सापडली होती तेव्हाही नाही.

बाकीचं तिनंच सांगितलं. त्याच दिवशी ताक घेऊन ती देवळात गेली आणि रामलिंगाशी मराठीत बोलली. दर साल या, अण्णा, आणि शेवट सोडू नका. तुमच्या जोडीदाराला मात्र सांगू नका, ते मास्तरांच्या ऊठबशीतले. माझा मालक आहे, पोरांची लग्नं व्हायचीत. रामलिंगानं शब्द पाळला. पायरीपाशी तो अर्धा तास थांबायचा तो कुणासाठी, हे रेवणसिद्धप्पाला आत्ता, तो गेल्यावर, तुरीच्या सुपासमोर बसून कळलं. आणि त्या लाजेत एक जुनं दुःखही मिसळलं, की तेवीस वर्षं एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले, पण या माणसानं ही गोष्ट आपल्याला सांगावी इतका आपल्यावर भरवसा ठेवला नाही. आणि तो ठेवला नाही ते बरोबरच केलं.

“मग मी काय सांगू?” त्यानं विचारलं.

“ते मी कामून सांगू? मला येऊ नको म्हणायला आलाव न्हवं? मी येणार हाय.” असं म्हणून तिनं सूप परत मांडीवर घेतलं.

वरसाच्या दिवशी दुपारी मांडव भरला. खजुरीकर उजवीकडं, बसनकेरीकर डावीकडं, बायका मागं. गुरुपादय्यांचं भाषण लांबलं, हार घालणारे बरेच निघाले. मग महांतेश उठला. आवाज बापाचा नव्हता, पण ताण तोच होता. खजुरीकर पहिल्याच ओळीला सावरून बसले. दोराला विचारून झालं, घागरीला विचारून झालं. पायरीपाशी तो बापासारखाच रेंगाळला, कारण मोबाइलमध्ये तसंच होतं. शेवटची ओळ गाऊन तो खाली बसला.

रेवणसिद्धप्पा उठला. सिद्धव्वा खांबाशी होती, या वेळी तिची मान वर होती. त्यानं कानडीत सांगायला सुरुवात केली, नेहमीसारखीच, माणसं नेहमीसारखीच पुढं सरकली. भाऊ विहिरीवर गेला. तिथं घागर घेऊन कुणी उभं नव्हतं. भावानं पायरीला विचारलं. पायरी म्हणाली, मी कोरडी होते, माझ्यावरून कोण कशाला घसरेल. एवढं सांगून तो थांबला.

डाव्या बाजूला चुळबुळ झाली. गुरुपादय्या हसतमुखानं उभे राहिले. म्हणाले, रेवणसिद्धप्पांचं वय झालं, जोडीदार गेल्याचं दुःख आहे, विसरले असतील. बहीण घरी येते, तेवढं सांगून पुरं करा. लोकांनीही माना डोलावल्या. त्यांनी इतक्या प्रेमानं वाट काढून दिली होती, की नुसतं ‘विसरलो’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. रेवणसिद्धप्पाच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

तो म्हणाला, “विसरलो न्हाई, मास्तर. रामलिंगानं सोळा वर्षं हेच गायलं. खोटं मी सांगितलं.”

हे त्यानं आधी कानडीत सांगितलं, मग मराठीत. खजुरीकडून कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, ओवी हीच. डावीकडं आवाज चढले. एक म्हातारा म्हणाला, मग हा कट्टा कुणाचा बांधला आम्ही? महांतेश गोंधळून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. गुरुपादय्यांचं हसू गेलं होतं. ते म्हणाले, असल्या जुन्या गाण्यांचा अर्थ लावत बसू नये, आता जेवणं करून घ्यावीत.

तेवढ्यात सिद्धव्वा उठली. मांडव हळूहळू गप्प झाला, कारण ती बाई चारचौघांत कधी बोललेली कुणी ऐकली नव्हती. ती बोलली मराठीत, खजुरीकरांकडं तोंड करून. कानडीत ती या गावची सून होती. थोरांसमोर तोंड उघडायची तिला सवय नव्हती. मराठीत ती कुणाची तरी लेक होती.

“माझी श्रीदेवी पाय घसरून मेली न्हाई,” ती म्हणाली. “चैताचा महिना होता. मी सोता जाऊन बघितलं. पायऱ्या कोरड्या होत्या.”

खजुरीच्या बाजूला कुणी हललं नाही. डाव्या बाजूची माणसं एकमेकांकडं बघू लागली. लेकीचं नाव त्यांना कळलं होतं, पुढचं कळलं नव्हतं. मग सगळ्यांनी, सोळा वर्षांच्या सवयीनं, रेवणसिद्धप्पाकडं पाहिलं.

“काय म्हणते ती?” गुरुपादय्यांनी कानडीत विचारलं.

रेवणसिद्धप्पानं सांगितलं. श्रीदेवीचं नाव, चैत्र महिना, पायऱ्या कोरड्या होत्या. मागच्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, नीट ऐकू आलं नाही. म्हणून त्यानं तेच पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.